पदराचा बिल्ला

बिल्ला दिसायला क्षुल्लक असतो. पत्र्याची एक गोल वाटी, तिच्यावर छापलेला कागद, त्यावर पारदर्शक फिल्म आणि पाठीला पिन. एवढ्यावर माझं दुकान चालतं असं सांगितलं की बाहेरगावचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. मी त्यांना हसू देते. मग हळूच विचारते, मागच्या लग्नात मांडवात इतकी माणसं धावपळ करत होती, त्यातलं मुलीकडचं कोण आणि मुलाकडचं कोण हे तुम्ही कसं ओळखलं? आमच्याकडे ते बिल्ल्यावरून ओळखतात, आणि तो बिल्ला बहुधा माझ्याकडचा असतो.

मोताळ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. खरं म्हणजे ते पिको-फॉलचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी साड्यांना फॉल लावते, आणि तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे पदर माझ्या हाताखालून गेलेत असं म्हटलं तर फार बढाई होणार नाही. बिल्ले नंतर आले. एका शाळेच्या बाई फॉल लावायला आल्या होत्या आणि वर्गप्रमुखांचे बिल्ले आणायला कोणाला तरी बुलढाण्याला पाठवावं लागतं, म्हणून कुरकुरत होत्या. साडी त्यांची होती, पण माझ्या डोक्यात त्या दिवशी बिल्लाच घुसला. बुलढाण्यातल्या एका छापखानेवाल्यानं ते काम बंद केलं होतं, त्याची हातानं दाबायची मशीन मी घरी घेऊन आले. आमचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि कापड शिवता शिवता आता पत्रा शिवणार का, असं विचारलं. हो म्हटलं. रविवारी त्यांनीच टेबलाला खिळे ठोकून मशीन पक्की बसवून दिली.

काम सोपं आहे असं बघणाऱ्याला वाटतं. कागद गोल कापायचा, वाटीवर ठेवायचा, वर फिल्म, आणि दांडा दाबायचा. कागद वाटीच्या कडेला चिकटून वळतो. मग खालची बैठक फिरवायची, तिच्यात पाठीचा पत्रा ठेवायचा आणि पुन्हा दांडा. खट्ट असा आवाज आला की बिल्ला तयार. पण पाठीचा पत्रा केसभर तिरपा बसला तर पिन तिरपी येते, आणि मग छातीवर लावलेल्या अध्यक्षांचा चेहरा आयुष्यभर मान वाकडी करून बघतो. मी शिकत होते तेव्हा असे कितीतरी मान मोडलेले अध्यक्ष डब्यात टाकले. आता माझा बिल्ला वाकडा जात नाही. गेलाच तर तो लावणारा माणूस वाकडा उभा असतो.

या धंद्यानं मला माणसं कळली. गणपतीच्या दिवसांत एका मंडळाची पोरं बिल्ले सांगायला आली, तर त्यांच्यात अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, खजिनदार असे सगळे होते आणि साधा सदस्य एकच. त्याला मी म्हटलं, बाबा, तू तेवढा जपून राहा, तू गेलास तर मंडळात कामाला कोणी उरणार नाही. उरुसाला स्वयंसेवकांचे हिरवे बिल्ले जातात. पोळ्याला एका शेतकऱ्यानं आपल्या जोडीसाठी बिल्ले नेले होते. बैलांच्या कपाळपट्टीला लावले आणि मिरवणुकीत सगळ्यात ऐटीत तेच चालले, असं त्यानं मुद्दाम येऊन सांगितलं. बिल्ला लागला की आमच्याकडचा माणूस ताठ होतो. आणि समोरचाही तोंडाकडे बघायच्या आधी छातीकडे बघतो, काय लिहिलंय ते वाचतो, आणि मग ठरवतो की याला खुर्ची द्यायची की सतरंजी.

हे मला माहीत होतं. त्याचा इतका उपयोग होईल हे माहीत नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या आधी माझ्याकडे फार घाई असते. शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, सगळ्यांना एकाच दिवशी बिल्ले हवे असतात. गेल्या वर्षी त्या गर्दीत जवळच्या एका गावचे गृहस्थ आले. माझ्या यजमानांच्या ओळखीचे, म्हणून मला वहिनी म्हणतात. कपाशी चांगली पिकवणारा, हसतमुख, चहा प्यायल्याशिवाय न जाणारा माणूस. त्यांची बायको त्या गावची सरपंच. जागा बाईसाठी राखीव होती आणि ही बाई बारावी शिकलेली, बचत गट चालवणारी, म्हणून निवडून आली. त्यांनी यादी सांगितली: उपसरपंच, सदस्य, आणि सरपंचाचा एक, मोठा, खिशाला लावायचा.

मी विचारलं, खिशाला कोणाच्या?

ते म्हणाले, माझ्या. जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. मी म्हटलं, भाऊ, सरपंच तर तुमच्या मंडळी आहेत. त्यावर त्यांनी मला अगदी प्रेमानं समजावलं.

"वहिनी, बाईले खिसा कुठी असते? बिल्ला लावन कुठी ते?"

या माणसाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. लबाड असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा खरोखर मानत होता की बिल्ला खिशावर लागतो, खिसा शर्टाला असतो, शर्ट पुरुष घालतो, म्हणून सरपंचाचा बिल्ला सरपंचाच्या नवऱ्याचा. आणि खोटं कशाला बोलू, आतापर्यंत मीही सगळे बिल्ले खिशाच्या हिशेबानंच बनवत आले होते. मशीन तशी, पिन तशी, माप तसं. मी ऑर्डर घेतली आणि त्यांना चहा पाजला. त्या दिवशी मी यजमानांवर विनाकारण दोनदा डाफरले.

बाजाराच्या दिवशी त्यांची बायको दुकानात आली. ती माझं जुनं गिऱ्हाईक. लग्नातल्या शालूपासून तिच्या सगळ्या साड्यांना मीच फॉल लावलेला. माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला ताई म्हणते. बोलायला मऊ, पण कामाची पक्की. गावातल्या नळाच्या पाइपलाइनचा कागद तिनं पंचायत समितीत स्वतः उभं राहून पुढे सरकवला होता, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं पिशवीतून एक साडी काढली, पांढरी, बारीक हिरव्या काठाची, आणि म्हणाली की पंधरा ऑगस्टला नेसायची आहे. मी फॉलचा रंग जुळवत होते. तेव्हा तिनं सव्वीस जानेवारीची गोष्ट सांगितली.

त्या दिवशी तिनं सरपंचाचा बिल्ला लावला होता. खांद्याच्या खाली, पदरावर. मोठा बिल्ला, साडी बारीक सुताची. बिल्ला खाली ओणवा झाला, पदराला ओढ बसली आणि पदर घसरायला लागला. समोर सासू, मोठे दीर, सगळं गाव. ती एका हातानं पदर सावरत होती आणि दुसऱ्या हातात पूजेचं ताट होतं. नवऱ्यानं बघितलं आणि तिची अडचण दूर केली. म्हणजे बिल्ला काढून आपल्या खिशाला लावला. त्याच्या दृष्टीनं ती मदतच होती. इतक्यात शाळेच्या मुख्याध्यापकांनी माइकवरून सरपंचांना विनंती केली, सगळ्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, आणि दोर त्याच्या हातात गेला. त्यानं झेंडा फडकवला. ती मागे ताट घेऊन उभी राहिली.

बिल्ला गेला तिकडे दोर गेला, इतकं साधं होतं ते. मला इतका राग आला की दोऱ्याचं रीळ हातातून सुटलं. मी म्हटलं, थांब, तुझा फोटोच टाकते बिल्ल्यावर, नाव टाकते मोठ्या अक्षरात, मग बघू कोणाच्या खिशाला शोभतो ते. तिनं मान हलवली.

"फोटू नोका टाकू ताई. मले भांडन नाई करा लागत. मले दोर वढा लागते."

ती पुढे म्हणाली की नवरा वाईट नाही. मीटिंगला सोडतो, सही करू देतो, कागद वाचू देतो. पण झेंड्याच्या दिवशी गाव गोळा होतं, आणि ज्यानं दोर ओढला तो सरपंच, हे लहान पोराला पण कळतं. तिच्या शाळकरी मुलीनं सव्वीस जानेवारीला घरी येऊन विचारलं होतं, आई, सरपंच तू आहेस की बाबा? हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, रिळाकडे बघत होती.

मी तिला शब्द दिला की या वेळी बिल्ला ओणवा होणार नाही. शब्द देताना मला वाटलं, यात काय मोठं. नुसती पिन तर बदलायची.

पहिल्यांदा मी लहान बिल्ला करून बघितला. हलका, म्हणून पदराला ओढ कमी. तिला दाखवला तर तिनं शांतपणे विचारलं, उपसरपंचांचा केवढा आहे? मी दाखवला. मग त्याच्यापेक्षा लहान चालणार नाही, असं ती म्हणाली. मला ते फार आवडलं. मऊ बोलणाऱ्या बाईला आपलं माप नेमकं ठाऊक होतं. मग मोठ्या बिल्ल्याला दोन पिना लावून बघितल्या, तर साडीला दोन भोकं पडली आणि बिल्ला तरीही जमिनीकडे बघत राहिला. पदराच्या आतून अस्तराचा तुकडा लावला, तर पदर फुगला आणि खांद्यावर काहीतरी बांधून आणल्यासारखं दिसायला लागलं. मी वैतागले. शर्टाचा खिसा जाड कापडाचा असतो, वर दुहेरी शिवण असते, तो बिल्ल्याचं वजन पेलतो. साडीचा पदर ही हवेवर चालणारी वस्तू. तिच्यावर पत्रा टांगायचा कसा?

उत्तर माझ्याच खांद्यावर होतं. मशीनवर वाकले होते आणि माझा स्वतःचा पदर जागचा हलत नव्हता, कारण सकाळी घातलेली साडीपिन पदराच्या घड्यांमधून थेट ब्लाउजमध्ये गेलेली होती. इतकी वर्षं मी बायकांना सांगत आले की पदर ब्लाउजला पकडा, नुसता साडीला नको. आणि बिल्ला मात्र नुसत्या साडीला टांगत बसले होते. पदराचं वजन जी पिन पेलते, तिनंच बिल्ल्याचंही पेलावं. वेगळी पिन पाहिजेच कशाला?

पण बिल्ल्याची पिन तारेसारखी बारीक. पदराच्या सगळ्या घड्या आणि ब्लाउज असं सगळं ती धरू शकत नाही. मग मी चांगली लांब, जाड सेफ्टी पिन घेतली आणि बाजारातल्या चाचांकडे गेले. चाचा पत्र्याचं काम करतात. फवारणीचे पंप, बादल्या, डबे, सगळ्यांना टाके घालतात. त्यांना सांगितलं की बिल्ल्याच्या पाठीच्या पत्र्याला, मध्यावर नाही, अगदी वरच्या कडेजवळ, ही पिन आडवी कथलाचा डाग देऊन पक्की करा, म्हणजे बिल्ला पुढे ओणवा होणार नाही. त्यांनी चष्मा वर केला, पिन बोटानं ओढून बघितली.

"याले बैल बांधता का बेटा?"

मी म्हटलं, सरपंच बांधायचा आहे. ते हसत बसले, पण टाका असा घातला की पक्कडीनं ओढली तरी पिन हलली नाही. पुढची अडचण माझ्या मशीनची होती. जाड पिनेची पाठ साच्यात बसेना, दाबलं की वाटीला पोचा यायचा आणि सरपंच या शब्दाचा मधला भाग खड्ड्यात जायचा. काही बिल्ले त्यात वाया गेले. शेवटी जुन्या चपलेचं चामडं कापून, त्याला पिनेपुरती खाच करून साच्यात घातलं, दांडा दाबला, आणि खट्ट. कड सगळीकडून सारखी वळलेली, पोचा नाही. मी तो बिल्ला हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून बघितला. आपल्या हातून चांगली वस्तू झाली की मला ती कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नाही. यजमानांना दाखवला. त्यांनी पुढून बघितला, मागून बघितला, आणि हे तर कुलूपच केलंस तू, असं म्हणाले. मी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

पुढच्या बाजाराला ती आली. पांढरी साडी मी फॉल लावून ठेवली होती, ती तिला मागच्या खोलीत नेसायला लावली. पदराच्या घड्या घातल्या, बिल्ला खांद्याखाली ठेवला आणि पिन घड्यांमधून ब्लाउजमध्ये घालून बंद केली. बिल्ला छातीवर सपाट बसला, समोर बघत. सरपंच, खाली गावाचं नाव. पण आरशापुढे सगळं चांगलंच दिसतं. दोर ओढताना हात वर जातात, आणि हात वर गेले की पदर निसटतो, हे कोणतीही बाई सांगेल. म्हणून मी तिला दुकानाच्या शटरपुढे उभं केलं. शटर वरून ओढायला माझ्याकडे आकड्याची काठी आहे. म्हटलं, ओढ. तिनं हळूच ओढलं, शटर हललंही नाही. आमचं शटर हट्टी आहे, त्याला सवाई हट्टी माणूस लागतो. म्हटलं, अशी काय ओढतेस, दोर आहे असं समज, मनगटाला वेढा दिल्यासारखी घट्ट धर, पाय रोव आणि झटका मार. तिनं दोन्ही हात वर करून झटका मारला आणि शटर धाडकन खाली आलं. आम्ही दोघी अंधारात, आणि बाहेर गिऱ्हाईकं विचारत होती की दुकान बंद झालं का. पदर जागच्या जागी होता.

दिवा लावून ती बिल्ला काढायला गेली. पिन उघडली मात्र, सगळा पदर घडीसकट खांद्यावरून खाली आला. तिनं तो पकडला, पुन्हा लावून बघितला, पुन्हा काढला. पदर पुन्हा खाली. मग ती माझ्याकडे बघून हळूहळू हसायला लागली.

"ताई, हे काढलं त पदरच सुटते."

तेव्हा यजमानांचं कुलूप माझ्या ध्यानात आलं. मी बिल्ल्याचं वजन कुठे ठेवायचं तेवढाच विचार करत होते. ही बाई माझ्या पुढे गेली होती. मी फक्त एवढंच म्हटलं, की त्या दिवशी दुसरी पिन घरी राहू दे. ती म्हणाली, हाव. आणि साडी घडी घालून पिशवीत ठेवली. ऑर्डर एका सरपंचाची होती, मी बिल्ला एकच दिला, आणि तो सरपंचाच्याच हातात दिला.

पंधरा ऑगस्टला मी दुकान उघडलं नाही. त्या गावच्या शाळेचे बिल्ले पोचवायचे होते, हे निमित्त होतं. खरं तर मला बघायचंच होतं. स्कूटी घेऊन गेले तेव्हा ग्रामपंचायतीपुढे पोरांच्या रांगा लागल्या होत्या, रस्त्याचा चिखल बुटांनी आत आला होता, आणि खांबाच्या टोकाला झेंडा फुलांच्या पाकळ्यांसह बांधून तयार होता. ती पुढे उभी होती. डोक्यावरून पदर, हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. बिल्ला छातीवर सपाट, समोर बघत. मी तिच्याकडे बघून मान हलवली. तिनं मला ओळखही दाखवली नाही, इतकी ती गंभीर होती.

पूजा झाली. मुख्याध्यापकांनी माइक हातात घेतला आणि सरपंच महोदयांना ध्वजारोहणाची विनंती केली. म्हणताना त्यांची नजर सवयीनं नवऱ्याकडे गेली. तेही सवयीनं पुढे आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, रिकामा खिसा. बायकोजवळ थांबले आणि तळहात पुढे केला, आपण दुकानात सुट्टे परत मागतो तसा. पिन कितीही पक्की असली तरी उघडायला शेवटी बोटंच लागतात, आणि बोटं तिची होती. माझं काम इथं संपलं होतं.

ती घाबरली नाही. आवाज चढवला नाही. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"काढते. पन यानंच पदर धरला हाय. सुटला त तुमी धरसान का, सगळ्यायसमोर?"

त्यांनी पदराकडे बघितलं. मग आपल्या आईकडे, मग मोठ्या भावाकडे, मग समोरच्या रांगांकडे. तळहात तसाच पुढे राहिला. त्या तळहातावर तिनं ताट ठेवलं. अगदी हलक्या हातानं, जणू ते ताटच घ्यायला आले होते. आता हात आखडावा तर ताट पडणार, म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. ती खांबाकडे वळली.

तिनं दोर ओढला. गाठ सुटली नाही. गर्दीत कुजबुज झाली. नवऱ्याचा पाय पुढे पडला, मदतीची सवय जात नाही माणसाची, पण नारळ ताटात घरंगळला आणि त्यांना तो सांभाळावा लागला. मी मनातल्या मनात शटर, शटर म्हणत होते. तिनं मनगटाला दोराचा वेढा दिला, पाय रोवले, दोन्ही हात वर गेले, आणि झटका मारला. वर झेंडा उलगडला, पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या. पदर डोक्यावरून मागे गेला, पण खांद्यावर तो कुठेही हलला नाही. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळ्या पुरुषांनी सलामी दिली. त्यांना देता आली नाही, दोन्ही हातांत ताट होतं. ते ताट घेऊन सावधान उभे राहिले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. राष्ट्रगीत संपल्यावर नारळ फोडायचा होता आणि कोणीतरी त्यांना हाक मारली, तर त्यांनी ताट बायकोपुढे धरलं. म्हणाले, फोड तूच. चेहरा पडला होता, पण बोलले. आणि शाळेच्या रांगेत त्यांची मुलगी शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसत काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही, पण ती बोट आईकडे दाखवत होती.

जिलेबी वाटून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. मी तिचा खांदा बघितला. झटक्यानं पिनेचं भोक मोठं झालं होतं, पांढऱ्या सुताचे दोन-चार धागे तुटले होते. चांगली साडी. माझा जीव हळहळला. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. मी तो बाहेर काढला आणि म्हटलं, पंचायतीत चल, आत्ताच्या आत्ता रफू करून देते, कोणाला दिसणार पण नाही.

तिनं त्या भोकावर हात ठेवला.

"राहू द्या ताई. सव्वीस जानेवारीले इथूनच घालीन."